हात आपले, दिवस त्यांचा: पर्सनल केअरच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

दिव्यांग माणसाला रोजच्या गोष्टींत हाताने मदत करायच्या या कामात येताना बहुतेकांच्या मनात धास्ती असते ती अंघोळ, संडास, डायपर, कॅथेटर (लघवी काढायला मूत्राशयात घातलेली नळी) यांची. ती जाते. अगदी खात्रीने सांगते, जाते, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. पुढून मागे पुसायचं, युरिन बॅग कायम मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवायची, ओलसर त्वचा नीट टिपून कोरडी करायची, हे सगळं ट्रेनिंगमध्ये कळतं आणि लवकरच अंगवळणी पडतं. एवढंच लक्षात ठेवा, की हातमोजे रक्त, लघवी, संडास, जखमा यांच्यासाठी असतात. केस विंचरायला किंवा शर्ट घालायलाही हातमोजे चढवून आलात, तर समोरच्या माणसाला त्याचं स्वतःचं शरीर किळसवाणं वाटायला लागतं.

मला लिहायचंय ते वेगळ्याच सापळ्याबद्दल. नवखेपणी तो दिसतच नाही, काम चांगलं जमायला लागलं की त्यात पाय अडकतो. मी ज्या ताईंकडे होते, त्यांना मज्जारज्जूच्या दुखापतीमुळे मानेखाली हालचाल नव्हती. काही महिन्यांत त्यांचं सगळं मला पाठ झालं. कोणत्या कुशीवर झोप लागते, पाणी कधी लागतं, बाहेर जाताना कोणते कपडे घालतात. त्यामुळे माझं विचारणं हळूहळू थांबलं. त्यांनी सांगायच्या आधीच कपडे काढून ठेवलेले, ग्लास ओठांशी नेलेला. सगळे माझं कौतुक करत होते. एकदा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘या आठवड्यात मी स्वतः ठरवलेली एक गोष्ट सांग बरं.’ मला एकही सांगता आली नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण याला कोणी चूक म्हणतच नाही. उलट ‘किती समजूतदार आहे’ असं म्हणतात. पण ज्याला चमचाही स्वतः उचलता येत नाही, त्याच्या हातात ठरवणं तेवढं उरलेलं असतं. तेही आपण प्रेमाने काढून घेतो. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकेतले एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळपास लुळे होते, रात्री श्वासासाठी त्यांना यंत्र लागायचं. 1972 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बर्कलेला स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं केलं. दिव्यांगांच्या स्वतंत्र जगण्याच्या चळवळीचं म्हणणं असं, की शर्ट स्वतः घालता येतो का याला महत्त्व नाही, कोणता शर्ट घालायचा हे कोण ठरवतं याला आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात, 19 व्या कलमात, वैयक्तिक साहाय्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे आपण जे करतो तो त्यांचा हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत.

मग उठता-बसता विचारत राहायचं का? नाही, त्यानेही माणूस वैतागतो. सुरुवातीलाच बसून ठरवून घ्या की कोणत्या गोष्टी न विचारता करायच्या आणि कोणत्या दर वेळी विचारायच्या. ती यादी अधूनमधून पुन्हा काढा, माणसाच्या आवडी बदलतात. अंगाला हात लावण्याआधी मात्र प्रत्येक वेळी सांगा: ‘आता डावा पाय उचलते.’ व्हीलचेअर न विचारता ढकलू नका, तिला रेलून उभ्याही राहू नका. बोलायला वेळ लागणाऱ्या माणसाचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. बाहेरचं कोणी तुमच्याकडे बघून ‘यांना काय हवंय?’ असं विचारलं, तर उत्तर देऊ नका. एक पाऊल मागे व्हा आणि त्यांच्याकडे बघा. एखाद्याला शर्टाचं बटण स्वतः लावायला दहा मिनिटं लागत असतील, तर ती दहा मिनिटं तुमच्या कामाचीच आहेत.

याला अपवाद धोक्याच्या वेळेचा. वक्षाच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल, तर रक्तदाब एकाएकी भयानक चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. कारण बहुतेकदा साधं असतं: तुंबलेलं मूत्राशय, मुडपलेली कॅथेटरची नळी, साचलेलं शौच, घट्ट कपडे. ताबडतोब सरळ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी सरळ करा. उतार पडला नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. उशीर झाला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. ही लक्षणं आणि त्या व्यक्तीसाठी ठरलेले उपाय पहिल्याच दिवशी समजून घ्या.

आता पाठीचं. ‘एकटीने पटकन उचलून घे, काही होत नाही’ असं सांगणारे अनुभवी लोक तुम्हाला भेटतीलच. त्यांचं ऐकू नका. या कामातल्या कितीतरी जणांची कंबर अशाच पटकनमुळे जाते आणि ज्याला उचलतोय तो माणूसही पडतो. ब्रेक लावा, फूटरेस्ट बाजूला करा, माणसाला धरायचा पट्टा किंवा उचलायचं यंत्र (लिफ्ट) वापरा, कंबरेत पिळू नका. काखेत हात घालून ओढणं तर कधीच नको, लकवा झालेला खांदा त्याने निखळू शकतो. व्हिडिओ बघून ट्रान्सफर, म्हणजे माणसाला पलंगावरून खुर्चीत वगैरे हलवणं, शिकता येत नाही असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक शरीर वेगळं वळतं, आणि तुमचे खरे गुरू त्या शरीराचे मालकच. त्यांनी आजवर कितीतरी मदतनिसांना शिकवलेलं असतं, आणि तुमचा हात कुठे चुकतोय हे त्यांना तुमच्या आधी कळतं.

सुरुवातीला तुम्ही हळू असाल. असू दे. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, टाळायला कूस बदलणं, जेवताना सरळ बसवणं, घास गिळून झाल्याची खात्री करणं, यातली एकही गोष्ट घाईने होत नाही. हळू हाताचं कोणालाही वाईट वाटत नाही, धसमुसळ्या हाताची भीती वाटते.

आणि सुट्टी. तुम्ही आला नाहीत तर एक माणूस अंथरुणातून उठू शकत नाही, पण म्हणून आजारी असतानाही जात राहिलात तर तुमचा संसर्ग त्यांच्या छातीत जाईल. म्हणून काम स्वीकारतानाच त्यांच्याशी बोलून बदली माणूस कोण, त्याला फोन कोणी करायचा, किल्ली कुठे असेल हे लिहून घ्या. त्या बदली माणसाला निदान एक सकाळ आपल्यासोबत काम करू द्या. औषधं आणि ट्रान्सफरची पद्धत कागदावर उतरवा, मजकूर त्यांना वाचून दाखवा, आणि त्यांनी सांगितलेले बदल करूनच तो कागद पलंगाशी लावा.