पहिला पत्रा कापण्याआधी: वाफेच्या छोट्या इंजिनाची तयारी

रुळांवर धावणारे वाफेचे छोटे इंजिन बनवायचे तर सर्वांत आधी गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, ठरवा. ३.५ इंच (८९ मिमी), ५ इंच (१२७ मिमी) की ७.२५ इंच (१८४ मिमी), हे आवडीपेक्षा लेथवर अवलंबून असते. ८९ मिमी सेंटर हाइटच्या (बेडपासून फिरण्याच्या मध्यापर्यंतची उंची) लेथवर बेडच्या वर सुमारे १७८ मिमी व्यासाचे काम, म्हणजे कापायचा भाग, फिरते. पण फेसप्लेटवर (काम बांधायची लेथची गोल तबकडी) चाक बांधले की क्लॅम्पचे बोल्ट बाहेर डोकावतात, तेवढी जागा धरूनच हिशेब करा. वजनाचाही विचार आत्ताच हवा. ५ इंची इंजिन पूर्ण झाल्यावर एकट्याने टेबलावरून उतरवता येत नाही, तेव्हा वर-खाली होणारे टेबल कुठे मावेल ते पाहून ठेवा.

ड्रॉइंग हातात आल्यावर लगेच धातू मागवू नका. जुन्या ड्रॉइंगमध्ये चुका असतात. फ्रेमवरच्या (इंजिनाच्या बाजूच्या उभ्या प्लेटा) सगळ्या मापांच्या बेरजा करून एकूण लांबीशी ताळा करा. व्हॉल्व्ह गिअरचे (सिलिंडरमध्ये वाफ सोडणारे व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) भाग जाड पुठ्ठ्यात कापून टाचण्यांवर फिरवून बघा, कुठे काय आदळते ते तिथेच कळते. आटे बीए (जुनी ब्रिटिश पद्धत) आहेत की मेट्रिक, हेही नोंदवून ठेवा: ६ बीए आट्यासाठी आधी २.३ मिमी ड्रिल, मेट्रिक एम३ ला २.५ मिमी. दोन्ही पद्धतींचे टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) एका डब्यात ठेवू नयेत. प्रत्येक लहान मापाचे टॅप किमान दोन घ्या, कारण गनमेटलच्या (तांबे-कथिलाचा मिश्रधातू) बंद भोकात एक तरी मोडतोच.

फ्रेमसाठी साधारण ३ मिमीची पोलादी प्लेट लागते. चकचकीत कोल्ड रोल्ड पट्टी दिसायला छान, पण तिच्यात ताण कोंडलेला असतो. एका बाजूने लांब खाच कापली की ती केळीसारखी वाकते. काळी हॉट रोल्ड प्लेट घेतली तर ही डोकेदुखी बरीच कमी होते. दोन्ही फ्रेम एकत्र रिव्हेटने जोडून एकदमच ड्रिल करा आणि कानस मारा, म्हणजे डावी-उजवी तंतोतंत जुळेल. उभे करताना गुण्या आणि सपाट प्लेट हाताशी असू द्या. इथे अर्ध्या मिलिमीटरचा तिरकेपणा राहिला तर तो पुढे कपलिंग रॉडमध्ये (चाके एकमेकांना जोडणारा दांडा) उगवतो.

चाकांची बिडाची कास्टिंग आल्यावर त्यांवर कानस फिरवून बघा. कानस घसरली तर कातडी, म्हणजे ओतकामाचा वरचा थर, कडक आहे. अशा चाकाचा पहिला काप कार्बाइडच्या टूलने, कमी वेगात, कातडीखाली पोहोचेल इतका खोल घ्या. वरवर खरवडत बसलात तर टूलची धार मिनिटात जाते. बिडाची पूड तेलात मिसळली की पॉलिश पेस्टसारखी घासते, म्हणून लेथचा बेड कागदाने झाका आणि काम संपताच व्हॅक्यूम करा. चाके ॲक्सलवर बसवायला रिटेनिंग कंपाउंड (धातूचे भाग चिकटवणारा द्रव) वापरणार असाल तर आधी क्वार्टरिंगची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या क्रँकपिन (चाकावरची, रॉड बसणारी पिन) ९० अंशांत धरण्याची, जिग तयार ठेवा, बाटली नंतर उघडा. कंपाउंड काही मिनिटांतच धरते. डाव्या-उजव्या क्रँकपिनमधला कोन ९० ऐवजी ८९ अंश झाला तरी इंजिन पळेल, पण तो सर्व ॲक्सलवर एकसारखा हवा. एकाच ॲक्सलचा वेगळा असेल तर चाक हाताने फिरवताना प्रत्येक फेरीत ठराविक जागी अडखळते. रॉडमधली बुश (पिन जिच्यात फिरते ती कडी) सैल करून ती अडचण लपवता येते, जात नाही. ५ इंची गेजला चाकांच्या आतल्या बाजूंमधले अंतर ११९ मिमी धरतात, तेवढ्या लांबीचा एक ठोकळा आधीच कापून ठेवा.

सिलिंडर गनमेटलचे घेतले तर गंजाची चिंता नाही. बिडाचे टिकाऊ असतात, पण दर वेळी इंजिन चालवून झाल्यावर तेल द्यावेच लागते.

बॉयलरची तयारी वेगळी आणि सर्वांत जड. तपासणी करणाऱ्याशी तांबे कापण्याआधी बोला, कारण आतले सांधे नंतर दिसत नाहीत. बॉयलरवरच्या बुश (जोडण्या बसवायच्या आट्यांच्या कड्या) पितळेच्या नकोत, गनमेटल किंवा ब्रॉन्झच्या घ्या. गरम पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. ५५ टक्के चांदीचा, कॅडमियम नसलेला डाख ६३० ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतो. बर्नर मोठाच हवा, भोवती भट्टीच्या हलक्या विटाही हव्यात. तांबे उष्णता झपाट्याने पसरवते. बर्नर लहान पडला की तापायला वेळ लागतो, तेवढ्यात फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) थकून काळा पडतो आणि डाख गोळ्या होऊन घरंगळतो. सांधा योग्य तापला की फ्लक्स काचेसारखा नितळ होतो आणि डाखाची चकाकती रेघ फटीत शिरताना दिसते. ०.०५ ते ०.१५ मिमीची फट त्यासाठी पुरते. सफाईला सौम्य आम्लाचे प्लास्टिकचे टब ठेवा. ते तयार करताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही, आणि काम थंड झाल्यावरच बुडवा.

चाचणीसाठी हातपंप आणि तपासून घेतलेला प्रेशर गेज लागेल. पहिली चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट: ८० पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) बॉयलरला १६०. ती पाण्यानेच करा, आतली हवा पूर्ण बाहेर काढून. दाबलेल्या हवेत इतकी ऊर्जा साठते की सांधा सुटला तर तुकडे उडतात. पाण्याने फक्त गळते आणि काटा खाली येतो.