सिलिॲकच्या निदानाची वाट पाहताना: गहू कधी थांबवावा आणि तोवर काय करावे

सिलिॲक हा गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. मुलाला ‘सिलिॲक असू शकतो, तपासण्या करू’ एवढे डॉक्टरांनी सांगितले की त्याच संध्याकाळी घरातील ब्रेड, बिस्किटे आणि पीठ बाजूला काढून ठेवावे, असे आईवडिलांना वाटू लागते. ही इच्छा कितीही स्वाभाविक असली, तरी निदान पक्के होईपर्यंत ती आवरावी लागते. वाट पाहण्याच्या या दिवसांतील सर्वांत अवघड काम हेच आहे.

त्याचे कारण असे. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. सिलिॲक असलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती त्यामुळे चेतवली जाते आणि स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे तिथले बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात, आणि म्हणून व्यवस्थित जेवणाऱ्या मुलाचेही वजन वाढेनासे होते. रक्तात सापडणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आणि आतड्यातील ही झीज या दोन्ही खुणा ग्लुटेन पोटात जात असतानाच नीट दिसतात. ते बंद केले की प्रतिपिंडे ओसरू लागतात, अस्तर भरून येऊ लागते, आणि आजार असूनही तपासणीत काहीच सापडले नाही असे होऊ शकते. पथ्य आयुष्यभराचे असल्यामुळे ते अंदाजावर सुरू करणे परवडत नाही. तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे दररोज एकाहून अधिक वेळच्या खाण्यात ग्लुटेन असावे, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ ही मार्गदर्शक संस्था सांगते.

याचा अर्थ मुलाला मुद्दाम जास्त गहू खाऊ घालावा असा नाही. एरवी ते जेवढे खाते तेवढे दोन वेळांत विभागून द्यावे, आणि एखाद्या दिवशी त्याने ताट सरकवले तर जबरदस्ती करू नये. बिस्किट हातात देताना आपणच त्रास देत आहोत असे वाटते. ती टोचणी तपासणी होईपर्यंत जात नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. मात्र सतत उलट्या, पाण्यासारखे जुलाब, कमी झालेली लघवी किंवा मूल मलूल पडणे यांपैकी काहीही दिसले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

गहू आधीच थांबवला असेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे आणि पुन्हा कधी, किती व किती दिवस द्यायचा हे त्यांच्यावर सोपवावे. अशा वेळी एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांची तपासणी उपयोगी पडते, कारण आहाराचा तिच्यावर परिणाम होत नाही. ही जनुके नसतील तर सिलिॲक जवळजवळ नाहीच असे म्हणता येते. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती अनेक निरोगी माणसांतही असतात.

रक्ताचा अहवाल हाती आला की त्यावरील दोन ओळी शोधाव्यात: टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी प्रतिपिंडे) आणि एकूण आयजीए (या प्रकारच्या सर्व प्रतिपिंडांचे रक्तातील प्रमाण). एकूण आयजीएच फार कमी असेल तर पहिल्या ओळीतील कमी आकड्यावर विसंबता येत नाही आणि आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते. एकूण आयजीएची ओळ अहवालात नसेल तर ती आवर्जून मागावी. टीटीजीचा नुसता आकडा पाहून घाबरू नये किंवा निश्चिंतही होऊ नये, कारण प्रत्येक प्रयोगशाळेची सामान्य आकड्याची वरची मर्यादा वेगळी असते; आकडा मर्यादेच्या किती पट आहे ते पाहावे. मर्यादा १० असताना ३४ आणि १३० हे दोन्ही आकडे वाढलेलेच आहेत, पण पुढची वाट निराळी आहे. युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार, आकडा १० पट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए ही सिलिॲकची आणखी एका प्रकारची प्रतिपिंडेही सापडली, तर तज्ज्ञ आईवडिलांशी बोलून बायोप्सीशिवाय, म्हणजे आतड्याचे नमुने न घेता, निदान करू शकतात. त्याहून कमी असेल तर बायोप्सी लागते.

बायोप्सीचे नुसते नाव ऐकूनच धसका बसतो. प्रत्यक्षात ते काम थोड्या मिनिटांचे असते. मुलाला गुंगी किंवा भूल देऊन तोंडावाटे कॅमेऱ्याची बारीक नळी आत नेतात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कणाएवढे नमुने घेतात. झीज ठिकठिकाणी विखुरलेली असू शकते, म्हणून एकाच नमुन्यावर भागत नाही. किती तास उपाशी ठेवायचे आणि झोप लागेपर्यंत आई किंवा वडील जवळ थांबू शकतील का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे.

मधल्या काळात वही ठेवावी. ‘पोट बिघडले’ या नोंदीतून डॉक्टरांना काही कळत नाही. ‘मंगळवार. सकाळी दोन बिस्किटे. दुपारी पोट फुगून ताठ. शी तीनदा, फिकट, चिकट, पाण्यावर तरंगणारी. संध्याकाळी खेळायला उठला नाही’ ही नोंद कळते. बद्धकोष्ठताही लिहावी, ती आहे म्हणून सिलिॲक नाही असे ठरत नाही. वजन रोज करू नये. दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर केलेले पुरे. साध्या नोंदींना कमी लेखू नये: डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात गव्हाचा दोष दाखवला, तोही मुलांचा आहार बदलून त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी चिकाटीने ठेवूनच.

बायोप्सी झाल्यावर गहू त्याच दिवसापासून थांबवायचा की अहवाल येईपर्यंत चालू ठेवायचा, हे डॉक्टरांकडून स्पष्ट करून घ्यावे. नमुने अपुरे ठरले तर तपासणी पुन्हा करावी लागू शकते. निदान पक्के झाले की भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी करतात, कारण सिलिॲक कुटुंबात आढळतो आणि त्याची लक्षणे दिसतीलच असे नाही. त्यामुळे मुलाचे पथ्य सुरू झाले तरी, सर्वांचे रक्त देऊन होईपर्यंत घरातील इतरांनी गहू खाणे चालू ठेवावे.