वापरलेली कार्बन रोड सायकल विकताना

जाणकार गिऱ्हाईक आधी फ्रेम बघतं, गिअर नंतर. म्हणून सायकल धुऊन-पुसून घ्या आणि बॉटम ब्रॅकेटभोवती (पेडलच्या दांड्यांचा आस फ्रेममध्ये बसतो तिथे), हेड ट्यूबवर (हँडलखालची पुढची नळी), सीटपोस्टच्या म्हणजे सीटच्या दांड्याच्या क्लॅम्पखाली टॉर्च तिरपा धरून बघा. बारीक रेघ दिसली तर नाण्याने हलकेच टकटक करा. आजूबाजूला खणखणीत आणि तिथेच बद्द आवाज आला, तर आतले कार्बनचे थर सुटलेले असू शकतात. अशी फ्रेम जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय विकूच नका. चालवणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. नुसता रंगाचा ओरखडा असला तरी त्याचा जवळून फोटो द्या.

११ किंवा १२ स्पीडची (मागे तितक्या दातेरी चकत्या असलेल्या सायकलची) चेन गेजवर, म्हणजे चेनची झीज मोजायच्या पट्टीवर, ०.५ टक्के ताणलेली दिसली तर बदलून टाका. फ्रेम नंबर, बहुधा बॉटम ब्रॅकेटखाली, बिलाशी जुळवा. चक्कर मारायला देताना ओळखपत्र ठेवून घ्या.