बेअरझोट समजून घ्यायचाय? चेंडूवरची नजर काढा

एन्झो बेअरझोट, इटलीचा फुटबॉल प्रशिक्षक. स्वतः इटलीकडून खेळला तो एकच सामना: नोव्हेंबर 1955, बुडापेस्ट, हंगेरीकडून 0-2 हार. बाकी क्लबचे सामने: इंटर, कातानिया आणि मुख्यतः तोरिनो. मधल्या फळीतला राबणारा गडी. समोरच्याला अडवायचं, चेंडू काढायचा, जवळच्याला द्यायचा. पुढे 1975 पासून बेर्नार्दिनी या प्रशिक्षकाच्या जोडीने आणि 1977 ते 1986 एकट्याने राष्ट्रीय संघ सांभाळला. एवढं माहीत असलं की बस्स, आता व्हिडिओ लावा.

1982 च्या वर्ल्ड कपचे पहिले तीन सामने खुशाल सोडा. पोलंड 0-0, पेरू 1-1, कॅमेरून 1-1, झोप येईल. मात्र एक ध्यानात ठेवा: इटलीचा आघाडीचा खेळाडू पावलो रॉस्सी दोन वर्षांची बंदी भोगून नुकताच परतलेला, गोल एकही नाही, पेपरवाले त्याला आणि बेअरझोटला, दोघांनाही सोलून काढतायत. इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा प्रुझ्झो तर संघातच नाही. खेळाडूंनी पत्रकारांशी बोलणंच बंद केलं.

मग अर्जेंटिनाचा सामना. मॅराडोनाकडे बघायचा मोह आवरा, इटलीचा बचावपटू जेंतिलेकडे बघा. मॅराडोना जिथे, तिथे हा. धसमुसळेपणा भरपूर, आजच्या रेफरीने अर्ध्या तासात बाहेर काढला असता. आम्ही कोल्हापूरकर एक तर ब्राझीलचे, नाहीतर अर्जेंटिनाचे. बेअरझोटच्या संघाने दोघांनाही एकाच आठवड्यात हरवलं, त्यामुळे जीव जळणारच. तरी बघा.

ब्राझीलचा सामना दोनदा लावा. एकदा मजेसाठी, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. 5 वं मिनिट: कोंतीने चेंडू डावीकडे पाठवला, डावा बचावपटू काब्रिनी मोकळा, त्याचा क्रॉस, रॉस्सीचं डोकं. बचावपटू पुढे चढतो आणि मागे दुसरा बचावपटू शिरेआ जागा सांभाळतो, हे इथे नीट पाहून घ्या. इटली म्हणजे नुसता बचाव, असं म्हणणाऱ्यांना हेच दाखवायचं. 25 व्या मिनिटाला ब्राझीलच्या सेरेझोचा आळशी पास रॉस्सीने हिसकावला आणि 2-1 केलं. 34 व्या मिनिटाला इटलीचा बचावपटू कोलोवाती जखमी. आत आला बेर्गोमी, वय 18! समोर ब्राझीलचा आघाडीचा सेर्जिन्हो. असला निर्णय घ्यायला छाती लागते. फाल्काओने 2-2 केल्यावर ब्राझीलला बरोबरी पुरे होती, तरी ते पुढेच धावत राहिले. 74 व्या मिनिटाला कॉर्नर, रॉस्सीचा तिसरा. शेवटी ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर चाळिशीच्या गोलरक्षक झोफने रेषेवर धरला, तो मात्र सावकाश बघा.

पोलंडविरुद्धची सेमीफायनल भरभर पुढे ढकला, दोन्ही गोल रॉस्सीचेच. फायनलमध्ये ग्राझियानी सुरुवातीलाच जखमी, काब्रिनीने पेनल्टी बाहेर मारली, तरी पश्चिम जर्मनीला 3-1 हरवलं.

इथे थांबलात तर अर्धाच माणूस कळेल. 1986 चा फ्रान्सविरुद्धचा सामनाही लावा. जुन्या गड्यांवरचा तोच विश्वास यावेळी अंगाशी आला. 0-2 हरले आणि बेअरझोटने राजीनामा दिला.