घाणेरीच्या जाळीत प्लॉट पडला तर

ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल या राष्ट्रीय उद्यानांत आक्रमक वनस्पतींच्या (बाहेरून येऊन मूळ झाडोऱ्याला दाबून पसरणाऱ्या) सर्वेक्षणाला हंगामापुरती माणसं लागतात. पदाचं नाव कधी प्रोजेक्ट असिस्टंट, कधी फील्ड बायोलॉजिस्ट, कधी नुसतं स्वयंसेवक. एमएस्सी झालेली बरीच मुलं वाघाच्या ओढीने अर्ज करतात आणि पहिल्याच आठवड्यात कळतं की दिवसभर मान खाली घालून रानतुळस शोधायची आहे. मला हे काम मनापासून आवडतं. ते मला अजूनही दमवतं, आणि कंत्राट संपत आलं की अजूनही झोप उडते. तरीही नव्याने येणाऱ्यांनी यावं असंच वाटतं, फक्त एक गोष्ट नीट समजून घेऊन.

त्याआधी ओळखीचं थोडक्यात. घाणेरी (विदर्भात रायमुनिया), गाजरगवत, रानतुळस ही नावं तुम्हाला येतातच. घोळ होतो तो तरोट्यापाशी. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या) तीन जोड्या असतात, शेंग लांब, बारीक आणि किंचित वाकडी. त्याच्या शेजारीच त्याचा भाऊबंद सेन्ना युनिफ्लोरा उभा असतो. तो अंगाने लवदार, जोड्या तीन ते पाच, शेंग आखूड, सरळ आणि दाण्यादाण्यापाशी आवळलेली. हा अमेरिकेतून आलेला. शेंग नसताना घाईने नाव लिहू नका, पान उलटून बघा, जोड्या मोजा. मोबाइलवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपवर माझा भरवसा नाही. फुलावर असलेलं झाड ते बरोबर सांगतं, पण तुमच्यासमोर बहुतेक वेळा चार पानांचं रोप किंवा वाळकी काडी असते.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी लांबण लावूनच सांगणार आहे.

सर्वेक्षणाचे बिंदू ऑफिसात बसून आधीच ठरलेले असतात. प्रत्येक बिंदूभोवती दोरीने गोल आखायचा, तो प्लॉट, आणि त्यातली किती टक्के जमीन कोणत्या वनस्पतीने झाकली आहे ते लिहायचं. ट्रान्सेक्टवर (आखलेल्या सरळ रेषेवर) ठरावीक अंतराने, नाहीतर ग्रिडमध्ये (नकाशावरच्या चौकटींत) यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखे. तुम्ही चालत जाता, जीपीएस म्हणतं अजून 40 मीटर, आणि समोर घाणेरीची जाळी. डोक्याच्या वर गेलेली, चौकोनी दांड्या एकमेकींत गुंतलेल्या, त्यांवर मागे वळलेले काटे, बाही एकदा अडकली की फाटूनच सुटते. आत दोन हातांपलीकडचं दिसत नाही. सोबतचा वनमजूर म्हणतो, "मॅडम, आत नका जाऊ, इकडे मोकळं हाये." तो जीव वाचवायला सांगतोय आणि त्याचं शंभर टक्के खरं आहे. गडबड त्यानंतर होते. मोकळ्या जागी दोरी टाकली जाते, प्लॉट भरला जातो, घाणेरी 15 टक्के, आणि नोंद मात्र मूळ बिंदूच्या नावावर चढते. माझ्या पहिल्या हंगामात तर आम्हाला वरूनच सांगितलं होतं की जाता येईल तिथे घ्या, थोडं सरकलं तर चालतं. त्या हंगामातल्या नोंदी तुलनेसाठी शेवटी वापरता आल्या नाहीत. उन्हातान्हात केलेली सगळी पायपीट पाण्यात गेली, आणि तो राग अजून गेलेला नाही.

का चालत नाही, ते आकड्यात बघा. समजा 50 बिंदू आहेत. 40 ठिकाणी घाणेरी सरासरी 10 टक्के, उरलेले 10 बिंदू जाळीत, तिथे 90 टक्के. खरी सरासरी 26 टक्के. ते 10 बिंदू सरकवून प्रत्येकी 15 टक्के लिहिलं तर सरासरी येते 11. गाळूनच टाकले तर 10. म्हणजे जिथे घाणेरी सर्वांत जास्त, नेमकी तिथलीच नकाशावरून पुसली जाते. ही चूक जास्त प्लॉट घेऊन भरून निघत नाही, कारण ती दर वेळी एकाच बाजूला झुकते.

आणि खरा फटका पुढच्या वर्षी बसतो. त्या रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात) घाणेरी काढायचं काम होतं. मजूर मुळाशी, जमिनीच्या थोडं खाली घाव घालून झुडपं उपटतात. जागा मोकळी होते. आता तुम्ही मूळ बिंदूपर्यंत आरामात पोहोचता आणि तिथे नव्या फुटव्यांची घाणेरी 30 टक्के दिसते. कागदावर काय झालं? आधी 15, काढल्यावर 30. ज्यांनी घाम गाळून जाळी साफ केली त्यांच्या कामामुळे घाणेरी वाढली असं तुमचा डेटा सांगतो. पुढचा निधी या कागदावर ठरणार असतो.

मग करायचं काय? पहिलं, जाळीत शिरायचं नाही. दिवसा अस्वल अशा जाळीत विसावतं, रानडुक्कर असतं, वाघीण पिल्लांसह असू शकते. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी फिरताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगलाची पुरती माहिती असलेली, सोबत माणसं असलेली व्यक्ती होती ती. एका प्लॉटपायी कुणी जीव धोक्यात घालायला सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. काम गेलं तरी चालेल.

दुसरं, बिंदू सरकवायचाही नाही. जाळीच्या कडेला उभं राहून तिथलं जीपीएस घ्या, बिंदू किती मीटरवर आणि कोणत्या दिशेला आहे ते लिहा, जाळीची अंदाजे उंची लिहा, बिंदूच्या दिशेने फोटो काढा, आणि शेऱ्यात स्पष्ट लिहा: पोहोचता आलं नाही, कारण घाणेरी. हे कारण वेगळं असणं फार महत्त्वाचं आहे. नाल्याला पाणी होतं, कडा होता, समोर गवे होते, यांचा कोड वेगळा आणि घाणेरीचा वेगळा. फॉर्ममध्ये किंवा अ‍ॅपमध्ये तसा पर्याय नसेल तर हंगाम सुरू व्हायच्या आधी मागून घ्या, मध्येच बदललेला फॉर्म नवा गोंधळ घालतो. आणि रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे नीट पाहिलं आणि नव्हती. रिकामा म्हणजे पाहिलंच नाही. मग विश्लेषण करणारी व्यक्ती हजार किलोमीटरवर बसलेली असते, तिला तुमच्या मनातलं कळत नाही.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. बहुतेक बिंदूंवर अशी वेळ येत नाही, आणि टक्केवारीचा अंदाज सरावाने बसतो. 15 मीटर त्रिज्येच्या प्लॉटचं क्षेत्रफळ साधारण 707 चौरस मीटर. म्हणजे एक टक्का सुमारे 7 चौरस मीटर, बाजू अडीच मीटरहून जराशी जास्त असलेला चौकोन. कॅम्पच्या अंगणात दोरीने तो आखा आणि डोळ्यांत भरून घ्या. मग जोडीदाराने आणि तुम्ही एकमेकांना न सांगता आकडे लिहून ताडून बघा. सुरुवातीला दुपटीचा फरक पडतो, पडू द्या.

ऋतूचंही भान ठेवा. ऑक्टोबरात रानतुळस छातीपर्यंत हिरवी, फेब्रुवारीत नुसत्या काड्या, मे महिन्यात वणव्यानंतर काहीच नाही. उभ्या वाळक्या काड्यांची नोंद वेगळ्या रकान्यात घ्या, तारीख प्रत्येक पानावर लिहा. थंडी सुरू झाली की खाजकुइलीपासून जपा, गवताच्या कुसळांसाठी गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घाला. गाजरगवताची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, लाज बाळगू नका.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. जो तुमच्यासोबत किमान काही दिवस पायी चालतो तोच मार्गदर्शक. बीटवरचा (नेमून दिलेल्या जंगलपट्ट्यातला) वनरक्षक आणि जुना वनमजूर यांच्याकडून मी जितकं शिकले तितकं कुठल्याच कार्यशाळेत नाही. मात्र त्यांनी सांगितलेलं नाव लिहून घ्या आणि झाड स्वतः तपासा, कारण एकच नाव दोन गावांत दोन झाडांना असतं. फील्डच्या अनुभवासाठी उलट तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. मानधन उशिरा येतं हे गृहीत धरून घरून निघा, आणि कंत्राटात विमा आहे का ते सही करण्याआधी विचारा.

परवानगीच्या पत्रात तुमचं नाव आहे याची खात्री करा, प्रत खिशात असू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे राष्ट्रीय उद्यानातून पानसुद्धा विनापरवाना तोडता येत नाही. ओळखीसाठी फोटो घ्या: पूर्ण झाड, पानाच्या दोन्ही बाजू, खोड, फूल किंवा शेंग.

एका उद्यानातून दुसऱ्यात जाताना बुटांचे तळ, मोजे, सॅकचे कप्पे आणि गाडीची चाकं साफ करा. गाजरगवताचं एक झाड हजारो बिया देतं आणि त्या चिखलातून सहज प्रवास करतात. हे काम निघायच्या सकाळी घाईत होत नाही, आदल्या संध्याकाळी कॅम्पवरच उरकून घ्या, आणि निघालेला चिखल जंगलात न टाकता पिशवीत भरून ठेवा.