कापूस घरी ठेवा: सोलापूरहून गुलमर्गला, पहिल्यांदा स्कीइंग शिकायला

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे. तयार माल तपासायचं काम गेली सोळा वर्षं माझ्याकडे आहे. टॉवेलचा तुकडा पाण्यावर अलगद सोडायचा आणि किती सेकंदांत बुडतो ते बघायचं, ही आमची रोजची परीक्षा. पटकन बुडाला तर माल चांगला. कापूस पाणी ओढतो, धरून ठेवतो, सहजी सोडत नाही. या गुणावर आमचं घर चालतं आणि बर्फावर नेमका हाच गुण अंगाशी येतो.

मागच्या फेब्रुवारीत मी, माझी लेक आणि नणंद असे तिघी काश्मीरमधल्या गुलमर्गला स्कीइंग, म्हणजे बुटांखाली स्की नावाच्या लांब फळ्या लावून बर्फावरून घसरत उतरणं, शिकायला गेलो. तिघींनीही आयुष्यात बर्फ बघितला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "अगं, दोन चादरी घाल की पिशवीत, तिकडं गारठा किती असंल!" चादरी मी रेल्वेतल्या प्रवासापुरत्या घेतल्या. बर्फावर मात्र अंगावर सुताचा धागाही नको, असं मी दोघींना बजावलं होतं.

कारण साधं आहे. शिकणारा माणूस दिवसात पंचवीस-तीस वेळा पडतो. पडला की बर्फ बाहीत, कमरेत, मोज्यात शिरतो आणि वितळतो. शिवाय मेहनतीचा घाम असतोच. आतला कपडा सुती असेल तर हे सगळं पाणी तो अंगाला चिकटवून ठेवतो आणि ओला कपडा अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. निघण्याआधी मी लेकीचा दीडशे ग्रॅमचा टी-शर्ट भिजवून, घट्ट पिळून कारखान्याच्या काट्यावर ठेवला, तर तो तीनशेच्या वर गेला. तिची जीन्स त्यानंतर बॅगेत गेलीच नाही.

म्हणून कपडे असे घ्या. अंगाला लागून पॉलिएस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल. त्यावर फ्लीसचं जॅकेट. सगळ्यात वर पाणी आत न शिरणारं जॅकेट आणि पॅन्ट. बाजारात थर्मल म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कपड्यांत सूत असतं, तेव्हा आतली पट्टी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बनियन आणि सुती मोजेही नकोत. वरचं जॅकेट, पॅन्ट, बूट, स्की आणि काठ्या गुलमर्गमध्ये भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. अंगाला लागणारं तेवढं स्वतःचं हवं: दोन थर्मल, गुडघ्यापर्यंतच्या लोकरी मोज्यांचे दोन जोड, पाणी न शिरणारे हातमोजे आणि कान झाकणारी टोपी.

आता कधी जायचं ते. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, नंदीध्वज निघतात, तेव्हा आपल्याकडचं कोणी गाव सोडत नाही आणि सोडूही नये. तिकडेही २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्ला-ए-कलान' म्हणजे कडाक्याची थंडी असते. बर्फ साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत असतो, पण त्याचा भरवसा नसतो. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बरेच दिवस कोरडे होते. माझ्या मते नवशिक्याने फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा. बर्फ साठलेला असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो. घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर मात्र पुढच्या वर्षी जा.

उत्तराखंडातल्या औलीचाही विचार केला होता. उतार चांगले आहेत, पण हरिद्वारहून जोशीमठपर्यंत अख्खा दिवस डोंगरी रस्त्यात जातो. हाताशी आठवडा असेल तर गुलमर्ग बरं, श्रीनगरच्या विमानतळापासून ते पन्नासेक किलोमीटरवरच आहे.

आम्ही रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालो, सकाळी दादरला उतरलो आणि तिथून विमानतळ गाठला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच करून टाका. विमान दुपारचं घ्या. गाडीला दोन तास उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. पहिली रात्र श्रीनगरला काढा. संध्याकाळी गुलमर्गचा रस्ता धरू नका, अंधारात तो गोठतो. सकाळी निघालं की घाटाच्या पायथ्याशी तंगमर्गला थांबावं लागतं. बर्फ जास्त असेल तर तिथून वरचा तेराएक किलोमीटरचा घाट चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीनेच चढता येतो. या गाडीचे पैसे वेगळे पडतात, ते श्रीनगरच्या टॅक्सीवाल्याशी आधीच बोलून घ्या. परतीतही एक रात्र श्रीनगरची राखून ठेवा. धुक्याने आणि बर्फाने तिथली विमानं रद्द होतात. आमचं विमान वेळेवर उडालं, पण आदल्या दिवशीचे प्रवासी तिथे अडकलेले बघितले.

मोबाइलची गोष्ट आठवणीने सांगते. बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिघींत एक तरी पोस्टपेड हवं. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

हॉटेल ठरवताना खोली गरम कशी करतात, वीज गेली तर काय सोय आहे आणि ओले कपडे वाळवायला जागा आहे का, एवढं फोनवर नक्की विचारा. खिडकीतून डोंगर दिसतो की नाही हे त्यानंतर. आम्ही शेंगा चटणी आणि कडक भाकरी नेली होती. दुपारी उतारावरच बसून खाल्ली. भाकरीला थंडीने काही होत नाही आणि चटणीने तोंडाला चव येते.

गुलमर्ग २६५० मीटरवर आहे, सोलापूर साडेचारशेच्या आसपास. पोहोचलात त्या दिवशी डोकं जड होऊ शकतं. भरपूर पाणी प्या, सावकाश चाला, तो दिवस बूट आणि स्की निवडण्यात घालवा.

आणि बुटांसाठी वेळ द्या, तासभर लागला तरी चालेल. पहिल्या दिवशी मी ऊब म्हणून दोन मोजे घातले आणि वर बूट करकचून आवळले. अर्ध्या तासात बोटं बधिर झाली. जाड मोज्यांनी पाय दाबला गेला आणि रक्तच पुढे जाईना. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या भाऊंनी स्वतः बसून बूट घालून दिला. एकच मोजा, त्यावर एकही सुरकुती नाही, थर्मलचा पायही बुटाच्या वर थांबलेला. टाच मागे आपटून बसवली आणि मग बकलं लावली, खालची सैलसर, घोट्यावरची घट्ट. ताठ उभं राहिलं की अंगठा बुटाला जेमतेम टेकतो आणि गुडघे पुढे वाकवले की सुटतो. नडगी पुढच्या पट्ट्याला भिडते, टाच उचलली जात नाही. असा बूट मिळेपर्यंत दुकानातून हलू नका. स्की तुमच्या हनुवटीपर्यंत येईल एवढीच घ्या, आखूड असली की वळायला सोपी जाते. आणि दुकानदाराला वजन खरं सांगा. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोरावर सुटायचा, ते त्या वजनावरून बसवतात. तो वेळेवर सुटला नाही तर गुडघा जातो.

शिकवणारा ओळखपत्र असलेलाच घ्या, आणि तीन दिवस सलग एकच. रस्त्यात घोडेवाले, स्लेजवाले भेटतील, त्यांना हात जोडून पुढे व्हा. वेळ आणि हौस जास्त असेल तर केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही संस्था गुलमर्गमध्येच आहे, तिथे रीतसर अभ्यासक्रम चालतात.

पहिला दिवस जवळजवळ सपाट जागेवरच जातो आणि तसाच जाऊ द्या. बुटाखालचा बर्फ काठीने खरवडायचा, स्कीच्या पकडीत आधी बुटाचा चवडा अडकवायचा, मग टाच दाबायची, 'खट्' आवाज आला की बसला. मग पंख्याची खूण: स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब. टाचा बाहेर ढकलल्या की वेग कमी होतो, आणखी ढकलल्या की थांबता. हे जमल्याशिवाय वर चढायचं नाही. उतार बघून भीती वाटते आणि अंग आपोआप मागे झुकतं. तिथेच फसतो आपण, कारण वजन मागे गेलं की स्कीची टोकं हलकी होतात आणि ती ऐकेनाशी होतात. भाऊ दर दोन मिनिटांनी ओरडायचे, "दीदी, घुटना आगे!" मी नडगी बुटाच्या पट्ट्यावर दाबली आणि स्की खरंच वळली. तोल गेलाच तर कुशीवर बसा, हात मागे टेकू नका. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करा, म्हणजे त्या पळत नाहीत.

गोंडोलाचं, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेचं, तिकीट आधी ऑनलाइन काढा. पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, ३००० मीटरच्या थोडा वर. तिथे जाऊन डोळे भरून बघा. दुसरा टप्पा अफरवटवर जवळजवळ ४००० मीटरपर्यंत नेतो. वरून स्कीवर उतरणं हे मुरलेल्यांचं काम आहे, तिथे हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. लेक हट्ट करत होती. मी नाही म्हणाले ते नाहीच.

उन्हाची आपल्याला सवय आहे म्हणून गाफील राहू नका. तिकडचं ऊन बर्फावरून उलटं वर येतं. नाकपुड्यांखाली आणि हनुवटीखालीही सनस्क्रीन लावा आणि गॉगल सोडूच नका. नणंदेने ढगाळ दिवशी गॉगल काढला, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं.

तयारी दीड महिना आधी सुरू करा. सोलापुरात चढ नाही, पण जिने आहेत. मी रोज कारखान्याचा जिना दहा वेळा चढायचे आणि भिंतीला पाठ लावून, खुर्चीवर बसल्यासारखी मिनिटभर बसायचे. विम्याच्या कागदात स्कीइंगचा समावेश आहे का तेही वाचा, कित्येक पॉलिसी धाडसी खेळ वगळतात.

आणि परतीचं आरक्षण करताना लोअर बर्थच मागा. चौथ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की वरच्या बर्थवर पाय उचलत नाही. मी दादरला गाडीत बसले, चादर अंगावर ओढली आणि कुर्डुवाडी गेल्यावरच जागी झाले.