फळांचे वॉफल मऊ पडतात, चिकटतात? या चुका टाळा

साधे वॉफल उत्तम जमणाऱ्यांचेही स्ट्रॉबेरीचे वॉफल फसतात. बाहेरून करपलेले, आतून ओलसर, आणि ताटलीत येईपर्यंत लुळे पडलेले. दोष मशिनला दिला जातो, पण आधी फळाकडे बघा. स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं, ब्लूबेरीत ८४च्या आसपास, आणि घट्ट वाटणाऱ्या केळ्यातसुद्धा जवळपास ७५ टक्के. वॉफलचा वरचा थर कुरकुरीत होतो तो त्यातलं पाणी वाफ होऊन निघून गेल्यावरच. घोळात फळाबरोबर जास्तीचं पाणी गेलं तर तो थर सुकायचा कसा?

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे फळाची ताजी प्युरी, म्हणजे वाटलेला गर, थेट घोळात ओतणं. चव फिकी लागली म्हणून आणखी प्युरी, मग घोळ पातळ झाला म्हणून आणखी मैदा, आणि शेवटी हाती येतो तो चिवट, बेचव वॉफल. त्याऐवजी एक कप प्युरी जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ढवळत अर्धा कप होईपर्यंत आटवा आणि पूर्ण गार करा. १ कप मैद्याला हा आटवलेला गर पाव कप पुरतो. तो घालताना नेहमीच्या दुधातून दोन-तीन मोठे चमचे दूध कमी करायला विसरू नका. मैद्यातले दोन मोठे चमचे काढून तेवढंच कॉर्नफ्लोअर घातलं तर कुरकुरीतपणा बराच टिकतो. केळं आटवायची गरज नाही, पण सालीवर काळे ठिपके आलेलंच घ्या. कच्च्या केळ्यात स्टार्च जास्त आणि साखर कमी असते, त्यामुळे वॉफल जड होतो आणि केळ्याचा वासही येत नाही.

वासाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे बरेच जण रसावर भरवसा ठेवतात. संत्र्या-लिंबाचा सुगंध रसात कमी आणि सालीच्या रंगीत भागातल्या तेलात जास्त असतो. एका संत्र्याची साल किसून साखरेत बोटांनी चोळा, तेल साखरेत उतरतं आणि घोळात पाण्याचा एक थेंबही वाढत नाही. खालचा पांढरा भाग मात्र किसू नका, तो कडू असतो. बेरीची चव हवी असेल तर फ्रीझ-ड्राय (गोठवून सुकवलेल्या) फळांची पूड मिळाल्यास जरूर वापरा. माझ्या मते स्ट्रॉबेरीच्या वॉफलसाठी याहून चांगला उपाय नाही.

तुकडे घालायचे तर वाटाण्याएवढे करा, कागदावर टिपून कोरडे करा आणि चिमूटभर मैद्यात घोळवा. गोठवलेली बेरी वितळू न देता तशीच घाला, नाहीतर तिचा रस घोळभर पसरतो.

आता चिकटण्याबद्दल. फळांतली फ्रुक्टोज साखर साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, ११० अंश सेल्सिअसच्या सुमारास, तपकिरी व्हायला लागते. वॉफल मेकर त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे आच मध्यम ठेवा, घोळातली साखर कमी करा, तूप-लोणी मात्र कमी करू नका. दोन्ही साच्यांना ब्रशने तेल लावा. आणि वाफ जोरात येत असताना झाकण उघडू नका. अर्धकच्चा वॉफल मधोमध फाटून दोन्ही बाजूंना चिकटतो. वाफ जवळजवळ थांबली की हलकेच उचलून बघा. झाकण अडतंय असं वाटलं तर आणखी एक मिनिट द्या.

ब्लूबेरीभोवती हिरवट-निळसर डाग पडले तर घाबरू नका, ती बुरशी नाही. बेरीतलं रंगद्रव्य आम्लात लालसर आणि अल्कलीत निळं-हिरवं होतं, म्हणजे खाण्याचा सोडा जास्त पडलाय. अर्धा कप ताकाला पाव चहाचा चमचा सोडा पुरे. ताक नसेल तर नुसती बेकिंग पावडर वापरा.

ताजं अननस, किवी आणि पपई यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात. त्यांचा गर घातलेला दुधाचा घोळ ठेवून दिला तर कडवट होऊ शकतो. गर आधी उकळून घ्या, किंवा फळ सरळ वरून वाढा.

घोळ फेटत बसू नका, बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतात. तयार वॉफल एकावर एक रचू नका. जाळीवर सुटे ठेवा, म्हणजे खालची वाफ मोकळी होते. सगळ्यांना एकदम वाढायचे असतील तर जाळीसकट १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवता येतात. उरलेले पूर्ण गार करून फ्रीजरमध्ये टाका आणि खाताना न वितळवता थेट टोस्टरमध्ये गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये ते पुन्हा मऊ पडतात. फळांचा सॉस अगदी खायच्या क्षणी ओता.